ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड कोणीही घेऊ शकतो, मग नावही घेऊ शकतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही आणि दोन मित्रांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कोड कोणीही वापरावा, बदलावा, विकावा अशा परवानगीपत्राखाली, खुलं ठेवलंत. आता कोणीतरी तोच कोड, तेच नाव आणि तोच लोगो लावून पैसे घेऊन विकतंय. लायसन्समध्ये विकायचीही मोकळीक दिलेली असल्यामुळे आपले हात बांधले गेलेत, असं तुम्हाला वाटतंय.

कोड विकल्याबद्दल खरंच काही करता येणार नाही, ती परवानगी तुम्हीच दिली आहे. नावाची परवानगी मात्र तुम्ही कधी दिलीच नव्हती. एमआयटी लायसन्स कॉपीराइटबद्दल बोलतं, नावाबद्दल त्यात एक शब्द नाही. अपाचे 2.0 या अशाच दुसऱ्या लायसन्समध्ये तर सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की या लायसन्समुळे नाव किंवा चिन्ह वापरायचा हक्क मिळत नाही. जीपीएल या आणखी एका लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीतही, ट्रेडमार्कचे (म्हणजे धंद्यातल्या नावाचे, चिन्हाचे) हक्क देत नाही अशी अट जोडायची सोय सातव्या कलमात आहे.

मी वकील नाही, नाशिकमध्ये प्रोग्रॅमिंग करतो. पण या प्रकारातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी मी द्राक्षबागायतदारांसाठी एक छोटं ॲप लिहून खुलं केलं होतं. कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध कधी मारलं आणि त्यानंतर काढणीला किती दिवस थांबायचं, याची नोंद त्यात ठेवता यायची. निर्यातीचा माल असेल तर हे दिवस चुकून चालत नाहीत, औषधाच्या उरलेल्या अंशाच्या तपासणीत माल अडकतो. एकाने माझा कोड घेतला, औषधांची यादी जुनीच ठेवली आणि त्याच नावाने ॲप वाटायला सुरुवात केली. मला ते कळलं दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याच्या फोनमुळे. ‘दादा, तुमचं ॲप दिवस चुकीचे दाखवतंय,’ असं ते सांगत होते. ते ॲप माझं नव्हतंच. पण त्यांनी विश्वास ठेवला होता तो त्या नावावर, आणि त्या नावामागे मी होतो.

तेव्हा वकिलांकडे गेलो, तर पहिली अडचण माझ्या नावातच निघाली. ॲपचं नाव मी ‘फवारणी नोंदवही’ असं ठेवलं होतं. वस्तू काय आहे तेवढंच सांगणारा शब्द ट्रेड मार्क्स कायदा, 1999 च्या कलम 9 खाली सहसा नोंदवला जात नाही. दीर्घ वापराने ते नाव तुमचीच ओळख झालंय, हे सिद्ध करावं लागतं. गावाच्या नावाचंही तसंच, ‘नाशिक’ हा शब्द एकट्याने अडवून ठेवता येत नाही. शेवटी मी नाव बदललं. जुन्या नावाने ओळखणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत नवं नाव पोचवायला अख्खा हंगाम गेला. तुमचं नाव बनवलेला, वेगळा शब्द असेल तर तुमची बाजू माझ्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

मोठ्या प्रकल्पांनाही हे चुकलं नाही. ‘लिनक्स’ या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव अमेरिकेत एका तिऱ्हाइतानेच स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं. वाद होऊन 1997 मध्ये ते लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे आलं. याउलट मोझिला या संस्थेने आपल्या फायरफॉक्स ब्राउझरच्या नावाचे नियम कडक ठेवले, म्हणून 2006 मध्ये डेबियन या लिनक्सवरच्या प्रकल्पाने बदल केलेला तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ नावाने द्यायला घेतला. 2016 मध्ये समझोता झाल्यावर फायरफॉक्स हे नाव डेबियनमध्ये परत आलं. कोड तोच आणि तोही खुला, तरी नाव वेगळं ठेवावं लागलं. ओपनऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमधून फुटून 2010 मध्ये लिब्रेऑफिस झालं आणि हडसन या प्रोग्रॅमरांच्या साधनातून 2011 मध्ये जेनकिन्स. फुटणाऱ्यांना कोड सोबत नेता आला, जुनं नाव नेता आलं नाही.

आता आपल्याकडचा हिशोब. ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज टीएम-ए फॉर्मवर ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर एका क्लासला (वस्तू-सेवांच्या एका वर्गाला) 4,500 रुपये, इतरांना 9,000. डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर क्लास 9 मध्ये येतं, सर्व्हरवरून दिलेली सेवा क्लास 42 मध्ये. दोन्ही घेतले तर फी दुप्पट, वकिलाची वेगळी. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. एकदा नोंदणी झाली की ती दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहा, गोलातला ‘आर’ लिहू नका. नोंदणी नसताना तो लावायला कलम 107 खाली मनाई आहे.

नोंदणी नसली तरी पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवल्याचा, दावा करता येतो, कलम 27 ने तो मार्ग उघडा ठेवलाय. पण मग नावाला लौकिक आहे आणि लोकांची फसगत होतेय, हे तुम्हाला दाखवावं लागेल. शिवाय नोंदणीकृत मार्कच्या मालकाला कलम 134 प्रमाणे तो जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यात. पासिंग ऑफला ही सवलत नाही. समोरचा दुसऱ्या राज्यातला असेल तर हा फरक फार मोठा ठरतो.

एक गोष्ट अर्जाआधी तिघांनी बसून ठरवा: नाव कोणाचं? एकाच्या नावावर नोंदवलं आणि उद्या तोच बाहेर पडला, तर उरलेल्या दोघांनाच नवं नाव शोधावं लागेल. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचा मार्कही कोणा एका प्रोग्रॅमरकडे नाही, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे आहे. तुम्ही निदान तिघांच्या संयुक्त नावाने अर्ज करा आणि आपसात लेखी करार करा.

आणि नाव वापरायचे नियम लिहाल तेव्हा हात सैल ठेवा. ‘अमुक सॉफ्टवेअरवर आधारित’ किंवा ‘अमुकसोबत चालतं’ असं कोणी खरंखुरं लिहीत असेल तर अडवू नका. तसा प्रामाणिक उल्लेख कलम 30 ला मान्य आहे, आणि आपला कोड पसरावा म्हणूनच तर आपण तो खुला केला.

तुमचं नाव लावून विकल्या जाणाऱ्या त्या सॉफ्टवेअरच्या पानाचे आज रात्रीच तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. तुमच्या रेपोतली (कोड ठेवायच्या जागेतली) पहिली कमिट (बदलाची नोंद), पहिली रिलीज, डाउनलोडचे आकडे, लोकांचे मेल, सगळं एका फोल्डरमध्ये घाला. विकणाऱ्याला पत्र लिहा ते त्यानंतर, आणि साध्या भाषेत: कोड खुशाल ठेवा, लायसन्सची नोंद काढू नका, नाव आणि लोगो पंधरा दिवसांत बदला. नाही ऐकलं आणि ते प्ले स्टोअरवर असेल, तर तिथे ट्रेडमार्कची तक्रार करता येते. माझ्या बाबतीत नुसत्या पत्रावर समोरच्यानेही ते जुनं नाव सोडलं. कोड अजून माझाच चालवतो, आणि त्याला माझी हरकत नाही.