जुनी पेट्रोल गाडी चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. फ्युएल पंप बदलू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००४ ची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी), १ लाख ३० हजार किलोमीटर झालेली. उन्हात तासभर चालली की बंद पडते, सेल्फ जोरात फिरतो पण गाडी सुरू होत नाही. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा ठणठणीत. गॅरेजमध्ये नेली की मात्र दिवसभर एकदाही बंद पडत नाही. मिस्त्री म्हणतात पंप गेलाय, सात हजार लागतील.

आत्ता लगेच बदलू नका. पंप गेलेला असू शकतो, पण रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), टाकीवरचा कपलर (वायरींचा प्लग), पंपाची अर्थ वायर (करंट परत नेणारी) आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) बिघडले तरी गाडी अगदी असंच वागते. या सगळ्यांत पंप सर्वांत महाग, आणि नेमका तोच आधी बदलला जातो. माझ्या गाडीचं असंच झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

मे २०१८. पुण्याहून साताऱ्याला येत होतो. दुपारी दोनच्या सुमाराला खंबाटकीच्या चढावर गाडीने आधी दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली. शेजारी आई, मागे ट्रकची रांग. कशीबशी कडेला घेतली, आईला उतरवून झाडाखाली बसवलं. पस्तीस मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि घरापर्यंत नीट आली. दुसऱ्या दिवशी गॅरेजला देऊन पंप बदलून घेतला. पुढचे पंधरा-वीस दिवस गाडी सुरेख पळाली, आणि मग भुईंजजवळ पुन्हा तेच.

ते पंधरा-वीस दिवस का मिळाले, हे समजून घ्या. पंप बदलायचा तर त्याचा कपलर काढून परत बसवावा लागतो, आजूबाजूच्या वायरी हलतात. त्या काढघालीत पिना एकमेकींवर घासतात, वरचा काळा थर निघतो आणि करंट काही दिवस नीट जातो. माणसाला वाटतं पंपच खराब होता. दोष परत आला की वाटतं, नवा पंप डुप्लिकेट निघाला. दोन्ही वेळा पंप बिचारा चांगला असतो.

मी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. तिथला आमचा नियम गाडीलाही लागू आहे: येणारा-जाणारा फॉल्ट सापडतो तो फॉल्ट चालू असतानाच. गाडी सुरू झाल्यावर सगळी मापं बरोबरच येणार. म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं फार मोलाची आहेत, आणि त्या वेळी गाडीत बहुतेक वेळा मिस्त्री नसतो, तुम्ही असता.

पहिली खूण तर गाडी थांबायच्या आधीच मिळते. तुमच्या गाडीला आरपीएमचा, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा, काटा असेल तर इंजिन गेल्यावर क्षणभर क्लच न दाबता, गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना काट्याकडे बघा. मागे वाहन असेल तर हा नाद करू नका, आधी कडेला घ्या. चाकांमुळे इंजिन फिरतंय तरी काटा एकदम शून्यावर पडला, तर संशय क्रँक सेन्सरवर किंवा इग्निशनच्या सप्लायवर घ्यायचा. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोलकडे वळायचं. गाडी कशी बंद पडली तेही आठवा. दिव्याचं बटण बंद करावं तशी एका फटक्यात गेली, तर बहुधा इलेक्ट्रिकल. आचके देत, दम लागल्यासारखी गेली, तर पेट्रोलचं प्रेशर पडलेलं असण्याची शक्यता जास्त.

दुसरी खूण कानाने घ्यायची. खिडक्या बंद करा, एसीचा पंखा बंद करा, मागच्या सीटवर कोणाला तरी कान देऊन बसवा आणि चावी फक्त ऑन करा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद 'घुंऽऽ' करतो आणि थांबतो. आत्ताच, गाडी चांगली असताना हा आवाज ओळखीचा करून ठेवा. बंद पडलेल्या गाडीत तो आला नाही, तर पंपापर्यंत करंट येत नाही किंवा पंप फिरत नाही. पण तो आला म्हणून पंपाची बाजू पूर्ण सुटली असंही समजू नका. चावी ऑन करताना पंप टायमरवर चालतो. सेल्फ मारताना मात्र क्रँक सेन्सरचा सिग्नल मिळाला तरच ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पंपाचा रिले धरून ठेवतो. म्हणजे गरम होऊन सेन्सर गेला की सेल्फ मारताना पंपही बंद, आणि मिस्त्रींनी तेवढंच तपासलं तर निदान होतं 'पंप मारत नाही'. चांगले पंप बदलले जातात ते बऱ्याचदा इथेच.

रस्त्यावर आणखी दोन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा मोठा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याची वाट) तुंबलाय. आणि पंपाच्या रिलेसारखाच दुसरा रिले, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा असतो, तो पंपाच्या जागी लावून बघा. दोन्हींवरचा नंबर आणि पिनांची आकृती जुळली तरच. जुन्या रिलेंच्या आतल्या सोल्डरला केसाएवढी भेग पडते. ती गरम झाली की उघडते, थंड झाली की मिटते.

आता मुख्य गोष्ट. पंपाच्या पॉझिटिव्ह वायरवरून एक वायर काढून डॅशबोर्डपर्यंत आणा आणि तिथे १२ व्होल्टचा ५ वॅटचा साधा बल्ब लावा. बल्बची दुसरी बाजू बॉडीला अर्थ, आणि वायर जिथून काढली तिथेच १ अँपिअरचा फ्यूज. एलईडी लावू नका. ती नावापुरत्या करंटवरही पेटते, त्यामुळे खराब जोड चांगला भासतो. कपलर पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटखाली असतो, काहींत टाकी उतरवावी लागते. त्यात दोन जाड वायरी पंपाच्या आणि बारीक वायरी फ्लोटच्या (टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या) असतात. चावी ऑन केल्यावर ज्या जाड वायरीवर दोन-तीन सेकंदच व्होल्टेज येतं, ती पॉझिटिव्ह. या कामाच्या वेळी पेट्रोलचा वास येत असेल तर हात लावू नका, आधी गळती शोधा. वायर जोडताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, दारं उघडी ठेवा, जवळ कोणी सिगारेट ओढणार नाही हे बघा. स्वतः करायचं नसेल तर कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन तासाभरात करून देईल.

मग नेहमीसारखी गाडी चालवा. बंद पडली की सेल्फ मारत बल्बकडे बघा. विझलेला असेल तर पंपाचं नाव सोडा. फ्यूज, रिले, वायर किंवा सेन्सर. पेटलेला असेल तर दोष पंपात किंवा त्याच्या अर्थमध्ये.

माझा बल्ब पेटलेला होता. सगळे म्हणाले, बघ, पंपच. पण पंप तर दोन महिन्यांपूर्वीचा. म्हणून इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. कपलरच्या दोन जाड पिनांमध्ये फक्त १०.२. मग मीटरची एक तार पंपाच्या अर्थच्या पिनेवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं, आलं ३.३. एवढं व्होल्टेज अर्थच्या वाटेतच खर्च होत होतं.

त्या काळ्या वायरीचा माग काढत डिकीपर्यंत गेलो. डावीकडचं कार्पेट उचललं तर खाली ओल. टेललॅम्पच्या रबरातून किती पावसाळे पाणी येत होतं कोण जाणे. बोल्ट गंजून तपकिरी, खालचा पत्रा फुगून पापुद्रे सुटलेले, वायरीच्या टोकाच्या लगवर (बोल्टखालच्या कडीवर) हिरवी बुरशी चढावी तसा तांब्याचा गंज. वायर दोन बोटांत धरून हलवली तर लगमधून चार-पाच तारा तुटून हातात आल्या. थंड असताना त्या उरलेल्या तारांतून पंपाचं भागत होतं. तासाभराने जोड तापला की पंपाला पुरेसं मिळत नव्हतं. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग क्रिम्प केला, स्टार वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. माप आलं ०.१. टेललॅम्पचं रबरही बदललं, नाहीतर दोन वर्षांत तेच झालं असतं. त्यानंतर गाडीने तो घाट कितीतरी वेळा चढला.

मिस्त्रींनी मीटर लावून '१२ व्होल्ट येतायत' असं सांगितलं, तर विचारा की पंप चालू असताना मोजले की कपलर काढून? कपलर काढून मोजलं तर एका तारेवर लटकलेली वायरही पूर्ण १२ दाखवते. माप लोडवरच घ्यायचं.

पंप खरोखर गेला असेल तर तेही स्पष्ट कळतं. बल्ब पेटलेला, अर्थ चोख, तरी आवाज नाही. आणि कोणीतरी सेल्फ मारत असताना टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने हलकेच ठोकलं की पंप फिरायला लागतो. म्हणजे मोटरचे ब्रश झिजलेत. तेव्हा मात्र वेळ घालवू नका. आवाज येतो पण चढावर दम लागतो, असं असेल तर फिल्टर आणि पंपाच्या तोंडाची जाळी आधी बघा, प्रेशर गेज लावायला सांगा. अशा गाड्यांत साधारण ३ बार असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. स्वस्तातल्या स्कॅनरवर फार विसंबू नका. भारतात ओबीडी (स्कॅनरला दोष सांगणारी गाडीतली यंत्रणा) सक्तीचं झालं २०१० नंतर, तुमची गाडी त्याच्या आधीची.

बंद पडली त्या प्रत्येक वेळी टाकीत किती पेट्रोल होतं तेही लिहून ठेवा. हा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पाव टाकीच्या खाली गेल्यावरच गाडी बंद पडत असेल तर पंपावरचा संशय वाढतो. सीएनजी किट लावून पेट्रोल दोन लिटरवर ठेवणाऱ्यांचे पंप याच कारणाने लवकर जातात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. ते पाणी ओढून घेतं, जुन्या टाकीतला चिकट थर सोडवतं आणि तो जाळीवर जाऊन बसतो. त्यामुळे पंप बदललाच तर टाकी साफ करून घ्या, जाळी, फिल्टर आणि टाकीच्या तोंडाचं सील नवं घाला. जुना कपलर आतून तपकिरी पडला असेल तर तोही कापून नवा लावा. जळक्या कपलरवर नवा पंप टिकत नाही.

तोपर्यंत टाकी अर्धी तरी भरलेली ठेवा, आणि घरच्यांना घेऊन घाटात या गाडीने जाऊ नका. बल्ब लावल्यावर पहिल्यांदा बंद पडेल तेव्हा तो पेटलेला होता की विझलेला, आणि काटा कसा पडला, एवढं कळवा. पुढचं बघू.