आठचं फॅक्टोरियल उणे का येतं? बीएस्सी आयटीच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

या वेळच्या टपालात बीएस्सी आयटीला, म्हणजे माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीला असलेले, जाऊ पाहणारे आणि त्यांचे पालक यांचीच पत्रं जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून सहा इथे घेतले आहेत.

बारावी कॉमर्सला गणित घेतलं होतं. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात बीएस्सी आयटीला प्रवेश मिळेल का? की बीसीए बरं?
– एक विद्यार्थिनी, बदलापूर

मिळेल. इथे अट शाखेची नाही, विषयाची आहे. बारावीला गणित हवं आणि एकूण गुण खुल्या गटाला किमान ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के हवेत. उलट सायन्सला असूनही गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांची इथे अडचण होते. विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी आधी करायची आणि त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा भरायचा. नुसती विद्यापीठाची नोंदणी करून यादीत नाव शोधत बसणारे दर वर्षी असतात. ती नोंदणी म्हणजे कॉलेजचा अर्ज नव्हे.

बीसीए या संगणक अॅप्लिकेशनच्या पदवीसाठी २०२४-२५ पासून राज्याची सीईटी द्यावी लागते. ती दिली नसेल तर तुलना करत बसण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रमाचं म्हणाल तर आयटीत नेटवर्क, सुरक्षा, लिनक्स यांचा वाटा मोठा असतो आणि बीसीएचा कल अॅप्लिकेशन तयार करण्याकडे असतो. प्रोग्रामिंग, डेटाबेस, वेब हे दोन्हीकडे आहेच. आमच्या मते कोर्सच्या नावापेक्षा कॉलेजची लॅब महत्त्वाची. प्रवेशाआधी जाऊन विचारा की प्रॅक्टिकलच्या एका बॅचमध्ये किती मुलं असतात आणि चालू मशीन किती आहेत. एका संगणकावर तिघं बसत असतील तर टाइप करणारा एकच असतो.

मुलाला लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार ग्राफिक्स कार्डवाला महागडा दाखवतो. तो लागतो का?
– एक पालक, महाड

नाही. तोच पैसा रॅमवर घाला. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीचा एसएसडी एवढ्यात तीन वर्षं निघतात. बजेट ८ जीबीचंच असेल तर रॅम नंतर वाढवता येते का, हे आधी विचारून घ्या. बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते.

८ जीबी कुठे कमी पडते? लिनक्सच्या प्रॅक्टिकलला विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या आभासी संगणकावर) उबुंटू हा लिनक्सचा प्रकार चालवतात. त्याला ४ जीबी दिली की उरलेल्या चारमध्ये विंडोज आणि ब्राउझर गुदमरतात. अँड्रॉइड स्टुडिओ फोनची नक्कल करणाऱ्या एमुलेटरसह उघडला की तोच प्रकार. व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल तर लॅपटॉप परत करायला धावू नका. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅब उघडून सीपीयूवर क्लिक करा. 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे 'डिसेबल्ड' दिसलं तर ते बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे.

सी मधला फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम कॉलेजात टर्बोवर ८ साठी उणे २५२१६ दाखवतो. तोच घरी नव्या कंपायलरवर ४०३२० दाखवतो. चूक कशात आहे?
– प्रथम वर्षाचा विद्यार्थी, रत्नागिरी

तुमच्या लूपमध्ये नाही, इंट या पूर्णांक साठवणाऱ्या प्रकाराच्या आकारात आहे. टर्बो हा डॉसच्या काळातला १६ बिटचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला समजेल असा करणारा प्रोग्रॅम. त्यात इंटला २ बाइट मिळतात, म्हणजे सर्वांत मोठी संख्या ३२७६७. सातचं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते ७ चा गुणाकार, ५०४० आरामात बसतं. आठचं ४०३२० बसत नाही, म्हणून त्यातून ६५५३६ वजा होऊन उरलेलं दिसतं: उणे २५२१६. घरच्या जीसीसीमध्ये, म्हणजे नव्या कंपायलरमध्ये, इंट ४ बाइटचा, मर्यादा २१४७४८३६४७, म्हणून तिथे उत्तर बरोबर आलं.

पण घरच्या मशीनवरही निर्धास्त राहू नका. १२ पर्यंत ठीक आहे, उत्तर ४७९००१६०० येतं. १३ टाकून पाहा. यायला हवं ६२२७०२०८००, पडद्यावर बहुधा येईल १९३२०५३५०४. हे उणे नाही, आकडा भरघोस आहे, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तसंच उतरतं. टर्बोची चूक निदान ओरडून सांगते, ही गप्प राहते.

उपाय म्हणून व्हेरिएबल लाँग लाँग या मोठ्या प्रकाराचं करा. त्यात २० पर्यंतचं फॅक्टोरियल बसतं, २१ चं नाही. हा बदल तीन ठिकाणी करावा लागतो: व्हेरिएबलचा प्रकार, फंक्शन जे परत देतं त्याचा प्रकार आणि प्रिंटएफमधलं पर्सेंट-डी, जे पर्सेंट-एलएलडी व्हायला हवं. मुलं पहिला बदल करतात, उरलेले दोन विसरतात आणि मग 'लाँग लाँग चालत नाही' म्हणतात. टर्बोला लाँग लाँग माहीतच नाही. तिथे लाँग घ्या, पर्सेंट-एलडी लिहा आणि १२ वर थांबा.

याच पत्रात दुसरी तक्रार आहे. वय विचारल्यावर प्रोग्रॅम नाव न विचारताच पुढे जातो. स्कॅनएफने वयाचा आकडा उचलला, पण तुम्ही दाबलेला एंटर बफरमध्येच, म्हणजे टाइप केलेलं तात्पुरतं साठतं तिथेच राहिला. पुढच्या ओळीत नाव वाचणाऱ्या फंक्शनला तो एंटर मिळाला आणि त्याने रिकामं नाव घेऊन काम संपवलं. वर्गात यावर बफर रिकामा करायला एफफ्लश वापरायला सांगतात. इनपुटवर एफफ्लश केल्यावर काय व्हावं हे सी भाषेच्या प्रमाणात ठरलेलंच नाही, त्यामुळे एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही. त्यापेक्षा प्रत्येक ओळ एफगेट्सने पूर्ण वाचा आणि आकडा हवा असेल तर त्या ओळीतून एसस्कॅनएफने काढा. गेट्स मात्र वापरू नका. किती अक्षरं घ्यायची याला त्यात मर्यादाच नसल्याने २०११ च्या प्रमाणातून ते काढून टाकलं आहे.

परीक्षा टर्बोवर असेल तर टर्बोचीही सवय ठेवा. पडदा पुसणारं क्लिअरस्क्रीन जीसीसीत मिळणार नाही आणि कोनिओ हेडरही सगळीकडे मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवून घरी सराव करा.

सबनेटिंगच्या गणितात एकाच पद्धतीने उत्तर कधी बरोबर येतं, कधी चुकतं. १९२.१६८.१०.०/२४ हे नेटवर्क १०, २५ आणि ५० संगणकांच्या तीन विभागांत वाटायचं आहे.
– द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, डोंबिवली

सबनेटिंग म्हणजे एका नेटवर्कचे लहान विभाग पाडणं; /२४ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ नेटवर्कचे, आणि मास्क तेच आकड्यांत सांगतो. तुम्ही पाठवलेल्या कागदावर १० चा विभाग आधी घेतला आहे. तिथेच गाडी घसरली. सुरुवात नेहमी सर्वांत मोठ्या विभागापासून करायची.

५० संगणकांना ६४ पत्त्यांचा गट लागतो. त्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम संदेश पाठवायचा), वापरायला ६२ उरतात. हा /२६, मास्कचा शेवटचा आकडा १९२, पत्ते ० ते ६३. मग २५ ला ३२ चा गट: /२७, शेवटचा आकडा २२४, पत्ते ६४ ते ९५, वापरायचे ३०. मग १० ला १६ चा गट: /२८, शेवटचा आकडा २४०, पत्ते ९६ ते १११, वापरायचे १४. ११२ पासून पुढचं सगळं शिल्लक.

तुमच्या पद्धतीने १० ला ० ते १५ दिले आणि लगेच २५ ला १६ ते ४७ दिले. ३२ चा गट १६ पासून सुरू होऊच शकत नाही. तो ०, ३२, ६४ अशा ३२ च्या पटीतच सुरू होतो, कारण मास्क लावल्यावर नेटवर्कचे बिट तिथेच तुटतात. १६ ला आणि ४० ला /२७ चा मास्क लावून पाहा: पहिला ० च्या नेटवर्कमध्ये जातो, दुसरा ३२ च्या. एकाच विभागातले दोन संगणक एकमेकांना परके झाले. मोठ्यापासून सुरू केलं की पट आपोआप जुळतात. कधी बरोबर येतं याचं कारण एवढंच की त्या गणितात विभाग आधीच उतरत्या क्रमाने दिलेले असतात.

राउटरलाही प्रत्येक विभागात एक पत्ता लागतो. गणितात '३० संगणक' असं असेल तर राउटर धरून ३१ होतात आणि /२७ पुरत नाही. पेपर काढणाऱ्यांचा हा आवडता सापळा आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घरी चालतो, कॉलेजच्या मशीनवर नाही. व्हायव्हा जवळ आली आहे.
– तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी, पालघर

व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, त्याआधी हे बघा: बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं. फाइलचा पत्ता सी ड्राइव्हवरच्या तुमच्या नावाच्या फोल्डरसकट कोडमध्ये लिहिलेला असतो. डेटाबेस फक्त तुमच्या मशीनवर असतो, पेनड्राइव्हवर कोड तेवढा आलेला असतो. किंवा लायब्ररीची आवृत्ती वेगळी असते. पत्ते प्रोजेक्टच्या फोल्डरपासून मोजून लिहा. डेटाबेस एसक्यूएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल रिकाम्या मशीनवर एकदा इम्पोर्ट करून पाहा. पायथनचा प्रोजेक्ट असेल तर पिप फ्रीझने लायब्ऱ्यांची आवृत्तीसकट यादी काढून सोबत ठेवा. ही तालीम व्हायव्हाच्या आठवडाभर आधी मित्राच्या लॅपटॉपवर करा, आदल्या रात्री नको.

व्हायव्हात परीक्षक स्क्रीनपेक्षा टेबलांवर जास्त विचारतात. हे दोन टेबल वेगळे का केले? ही फॉरेन की (एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणारा रकाना) काढली तर काय होईल? लॉगिनच्या चौकटीत अवतरणचिन्ह टाकलं तर? एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे चौकटीतून डेटाबेसला घुसवलेल्या आज्ञेचा, हा प्रश्न जवळपास ठरलेला आहे, तेव्हा क्वेरी जोडाक्षरांसारखी तुकडे चिकटवून न बनवता पॅरामीटर देऊन लिहा. पासवर्ड टेबलात जसाच्या तसा दिसत असेल तर आजच हॅश करा, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात बदला. ब्लॅक बुकमधला (प्रोजेक्टच्या अहवालातला) ईआर डायग्रॅम, म्हणजे टेबलांच्या नात्यांची आकृती, आणि प्रत्यक्ष टेबलं जुळतात का तेही पाहा. डायग्रॅम जानेवारीत काढलेला असतो आणि टेबलं मार्चमध्ये बदललेली असतात. विकतचा प्रोजेक्ट पकडला जातो तो बहुधा इथेच.

पदवीनंतर एमसीए करता येईल ना?
– एक विद्यार्थी, सावंतवाडी

येईल. संगणक अॅप्लिकेशनचा हा पदव्युत्तर कोर्स आता दोन वर्षांचा आहे. राज्याची एमसीए सीईटी द्यावी लागते आणि पदवीला खुल्या गटात ५० टक्के, राखीव गटात ४५ टक्के लागतात. बारावीला किंवा पदवीला गणिताची अट असली तरी ती तुमच्याकडून आधीच पूर्ण झालेली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत शिकत असाल तर तीन वर्षांच्या पदवीवर थांबता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. एमसीएलाच जायचं पक्कं असेल तर तिसऱ्या वर्षानंतर निघा.