ऑफलाइन मेल: लॅपटॉप, घरचा संगणक आणि फोन

तुम्ही म्हणता की लॅपटॉपवर आलेली मेल घरच्या संगणकावर येतच नाही, आणि कोकण रेल्वेत जुनी मेल उघडली तर नुसता विषय दिसतो, आत कोरं. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं बहुधा पॉपचं. पॉप ही मेल उतरवून घेण्याची पद्धत म्हणजे दार आधी उघडेल त्याच्या हातात पत्र देऊन मोकळा होणारा पोस्टमन. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण केली तरी वाचलं-न वाचलंचा हिशोब प्रत्येक यंत्राचा वेगळाच राहतो. म्हणून तिन्हीकडे खातं आयमॅपने जोडा (सेटिंगमध्ये पोर्ट ९९३, सुरक्षित जोडणीसाठी एसएसएल). या पद्धतीत मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या संगणकावर राहते आणि तिन्ही यंत्रं तीच दाखवतात. मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप आखलं १९८६ साली, म्हणजे खिशात फोन यायच्या कितीतरी आधी! मात्र जुनं पॉप खातं घाईने काढू नका. काही मेल आता फक्त त्या लॅपटॉपवरच असतील. शेजारी आयमॅप खातं उघडा, जुन्या मेल त्यात ओढून टाका, सर्व्हरवर चढल्याची खात्री करा, मगच काढा.

दुसऱ्यासाठी, मजकूर आधीच उतरवून ठेवायला सांगावं लागतं. संगणकावर थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम वापरत असाल तर अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये जाऊन मेल या संगणकावर ठेवायची खूण करा. खातं जीमेलचं असेल तर ‘ऑल मेल’ फोल्डर वगळा, नाहीतर तीच मेल दोनदा उतरते आणि डिस्क भरते. निघण्यापूर्वी फाइल मेनूतून ऑफलाइन, मग ‘डाउनलोड/सिंक नाऊ’. अँड्रॉइड फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये किती दिवसांची मेल उतरवायची तो आकडा वाढवा. तिथे साधारण ३० असतो. जोडलेल्या पीडीएफवर मी विसंबत नाही, लागणाऱ्या फाइल घरीच फोनमध्ये उतरवून घेतो.

ऑफलाइन लिहिलेलं उत्तर आउटबॉक्समध्ये थांबतं. रत्नागिरीच्या अलीकडे, साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात मी एक लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. दोन दिवसांनी उघडला तेव्हा ते गेलं.

आणि हो, फोनमधली जागा मोकळी करायला मेल डिलीट करू नका. मी केल्या होत्या, तर सगळीकडूनच गेल्या. जीमेलच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात म्हणून परत मिळाल्या. जागाच हवी असेल तर फोनवरचे सिंकचे दिवस कमी करा.