नावडती सून आणि जपानी राजपुत्र

प्रिय बेटा,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. त्याला अंगठा दाखवून मोकळं होणं बरं नाही, म्हणून हे पत्र.

होस्टेलच्या मुली हसतात, मामा म्हणतात, "एमपीएससीचं वय, आणि ही चित्रं बघत बसते." आता तूच विचारतेस, की मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणि परीकथांची ही रीटेलिंग्ज, म्हणजे नव्याने सांगितलेल्या गोष्टी, वाचणं सोडून द्यावं का. मुळीच सोडू नकोस. पण वाचतेस तर जरा खोलात जाऊन वाच. गोष्ट पुन्हा सांगणारा जुन्यातलं काय ठेवतो आणि काय मोडतो, हे कळायला लागलं की खरी चटक लागते. त्यासाठी जुनी गोष्ट नीट माहीत हवी.

तू लिहिलंस, की स्नो व्हाइटवरच्या त्या कादंबरीत राजपुत्र चुंबन घेण्याआधी थबकतो, ते तुला फार आवडलं. आता ही गोष्ट छापणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंचं पुस्तक काढून बघ. तिथे चुंबन नाहीच! नंतरच्या आवृत्त्यांत शवपेटी वाहणारे नोकर अडखळतात, धक्क्याने घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ही उठून बसते. आणखी एक गंमत. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत तिच्या जिवावर उठते ती सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं गेलं. म्हणजे ज्यांना आपण मूळ म्हणतो तेही फिरवाफिरव करतच होते. तुझ्या लेखिकेने राजपुत्राला थांबवलं, ते याच रांगेतलं पुढचं पाऊल.

'ब्यूटी अँड द बीस्ट'चंही तसंच. १७४०मध्ये फ्रेंच लेखिका मादाम द व्हिलन्यव्ह यांनी ती ऐसपैस लिहिली, १७५६मध्ये मादाम द बोमाँ यांनी मुलींना वाचायला म्हणून छाटून आटोपशीर केली. दोघीही अशा काळातल्या, जेव्हा लग्न घरचे ठरवत आणि मुलगी अनोळखी दारात जाऊन उभी राहत असे. तो वाड्यातला पशू कोण असेल, याची धाकधूक यावल तालुक्यातल्या पोरीला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 'स्थळ चांगलं आहे' एवढ्या माहितीवर किती जणी नांदायला गेल्या, ते तुझ्या आजीला विचार.

आजीवरून आठवलं. श्रावणी सोमवारी शिवामुठीची कहाणी तू ऐकलेली असणारच, निदान प्रसादाची वाट बघत. राजाच्या चार सुना, तिघी आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात आणि शिवामुठीचा वसा देतात. शेवटी ती सासरच्यांना आपला देव दाखवायला नेते, तर रानातलं देऊळ सोन्याचं झालेलं. सासरा पागोटं खुंटीवर ठेवून तळं बघायला जातो, मागे देऊळ दिसेनासं होतं. मग कळतं, की हे सगळं नावडतीच्या पुण्याईचं होतं.

फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या सिंड्रेलाला काचेची चप्पल आहे, आपल्या नावडतीला सासऱ्याचं पागोटं. मला तरी पागोटं जास्त आवडतं. आणि नवरा? तिच्या मागण्यात सासू-सासरे, दीर, नणंदा, जावा सगळे येतात, भ्रतार सर्वांच्या शेवटी. मान मिळतो, पालखी येते, कहाणी सुफळ संपूर्ण. पण त्या घरी परत जायचंय का, हे तिला कोणी विचारत नाही. रानातल्या मैत्रिणींचं पुढे काय झालं, तेही नाही. तुझी यंग अ‍ॅडल्टवाली, म्हणजे किशोरवयीनांसाठी लिहिणारी, लेखिका नेमकी इथे खुर्ची ओढून बसली असती.

मंगाकडे वळते. मामांना सांग, 'ही चित्रं' काढणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हात घासलाय. १९५३ साली ओसामू तेझुका यांनी मुलींच्या मासिकात एक राजकन्या आणली, मुलीला गादी मिळत नाही म्हणून राजपुत्र बनून वावरणारी. तेझुका ताकाराझुका गावात वाढले. तिथे १९१४पासून बायकांची नाटकमंडळी प्रयोग करते आणि पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात, आपल्या बालगंधर्वांच्या नेमकं उलट. पुढे सत्तरच्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा १९४९च्या आगेमागे जन्मलेल्या बायकांनी मुलींच्या मंगाचं रूपच पालटलं. चौकटी मोडल्या, मनातलं बोलणं फुग्याबाहेर पानभर पसरलं.

तुझ्या आवडीचं एखादं पान घे आणि संवाद न वाचता बघ. मंगा उजवीकडून डावीकडे चालतं, त्यामुळे पान उलटण्याआधीची शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते. तिथे काय ठेवलंय? बहुतेक वेळा नुसता हात, किंवा वळलेली मान. चेहरा पलीकडच्या पानावर. तुझ्या छातीत जे धडधडतं ते त्या कोपऱ्यातून घडवलेलं असतं. हे एकदा दिसलं म्हणून धडधड कमी होत नाही, माझी तरी झालेली नाही.

आता जरा कान उपटते. तुझ्या यादीतले निम्मे नायक मुलीला भिंतीशी गाठून शेजारी हात आपटणारे आहेत. जपानी वाचक याला काबेदोन म्हणतात. पुस्तकात बघायला मजा येते, कारण तिथे तो मुलीच्या मनातलं ओळखतो, म्हणजे लेखिकेने त्याला ते सांगून ठेवलेलं असतं. भुसावळच्या फलाटावर कुणी असं केलं तर तू चप्पल काढशील, आणि काढावीसच. एवढा फरक डोक्यात पक्का असेल तर खुशाल लाज, खुशाल उशीत तोंड खुपस. आणि फोनवरची चोरीची पानं शक्यतो टाळ. काढणारीचं पोट भाग विकले जाण्यावर चालतं.

मामांसाठी एक मुद्दा देऊन ठेवते. अमळनेरला मास्तर असलेल्या साने गुरुजींबद्दल त्यांना आदर आहे ना? गुरुजींचा 'मनूबाबा' म्हणजे जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर' या इंग्रजी कादंबरीचं मराठी रूप. परक्या गोष्टीला आपलं अंगडं-टोपडं घालणं हा पोरखेळ असता, तर गुरुजी त्यात पडले नसते. वाद घालू नकोस, जेवताना सहज बोल.

एक काम देते. नावडतीची गोष्ट लिहून काढ. रान सातपुड्याचं घे, मनुदेवीच्या धबधब्याकडचं, म्हणजे वर्णनासाठी कुठे जायला नको. नागकन्येला तुमच्या घरच्या लेवा बोलीत बोलू दे, पुस्तकी मराठीत ती रुसेल. पालखी दाराशी आली, भोई खोळंबलेत, आणि नावडती काय उत्तर देते, एवढाच प्रसंग पुरे. ती परत गेली तरी माझी हरकत नाही, पण का गेली ते मला पटलं पाहिजे. राजपुत्र आणलास तर त्याला काहीतरी काम दे, नुसता देखणा उभा करू नकोस.

दिवाळीत आलीस की वाचू. येताना सातवा भाग आण. सहावा माझा संपलाय, आणि तो कोल्हा तिला खरं सांगतो की नाही, ते मला कळायलाच हवं.

तुझी,
मॅडम