म्हापशात राहणाऱ्या आईचा खुबा १४ वर्षांपूर्वी बदलला होता. आता डॉक्टर म्हणतात की जंतुसंसर्ग नाही, तरीही भोवतालचे हाड झिजले आहे. असे कशामुळे होते?

जंतुसंसर्ग खरोखरच नसेल, तर हे हाड बहुधा आपल्या आईच्याच रोगप्रतिकारक पेशींच्या प्रतिक्रियेमुळे झिजत आहे. कृत्रिम वाटीतील पॉलिइथिलिनचे (एक प्रकारचे प्लास्टिक) अस्तर घासून एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक कण सुटतात. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी ते गिळतात, परंतु प्लास्टिक पचवणे त्यांना शक्य नसल्याने त्या टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ यांसारखी दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात, आणि त्यांच्या प्रभावाने हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी वाढतात. मी पॅथॉलॉजीत काम करतो. पुन्हा शस्त्रक्रिया करून काढलेल्या ऊतींची स्लाइड ध्रुवीकृत प्रकाशात पाहिली, की पेशींच्या पोटातले हे कण लख्ख चमकताना दिसतात. (धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांत लिम्फोसाइट या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा वाटा मोठा असतो, तो प्रकार निराळा.) मात्र सौम्य जंतुसंसर्गही एक्स-रेवर असाच दिसू शकतो, त्यामुळे केवळ ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांवर निष्कर्ष काढला आहे की सांध्यातील पाणी काढून तपासले आहे, हे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिथे उपचार चालू असतील तिथे स्पष्टपणे विचारावे.