२८ मिलिमीटर उंचीचे, हाताने रंगवलेले छोटे सैनिक (मॉडेल) फोनच्या फोटोत तांबूस, चकाकणारे आणि अर्धे धूसर येतात. लाइटबॉक्स (आत दिवे असलेली, फोटो काढायची पांढरी पेटी) घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. मालवणजवळचं कौलारू घर, खाली लाल कोबा, खिडकीबाहेर माड आणि फणस, आणि फोटो रात्री घरच्या बल्बखाली किंवा दुपारी खिडकीशी, एवढं तुम्ही सांगितलंत तेवढ्यावरून बरंचसं कळतं. तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी रंग. खिडकीतून आलेला उजेड कोब्यावर पडतो, लाल होऊन वर उठतो आणि सैनिकाच्या हनुवटीखाली, ढालीच्या खालच्या कडेला बसतो. उघड्या जांभ्याची भिंत हेच करते. वरून झाडांतून गाळून आलेला उजेड हिरवट. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा आपोआप सुधारणारी सोय) सगळ्या फोटोला मिळून एकच दुरुस्ती करतो, त्यामुळे वर हिरवा आणि खाली लाल असेल तर त्याला दोन्ही एकदम सुधारता येत नाहीत. नंतर ॲपमध्ये रंग ओढत बसूनही हे सुटत नाही. उपाय जागेवरच करायचा: टेबल पूर्ण झाकेल एवढी राखाडी किंवा पांढरी कार्डशीट अंथरा, टेबलाच्या पुढच्या बाजूला जमिनीवर पांढरी चादर टाका आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र कधीच नको. अंगात भडक शर्ट असेल तर तोही बदला. हातभर अंतरावरून त्याचा रंग चक्क मॉडेलवर उतरतो.

दिवसाचा उजेड वापरायचा तर मळभ असलेला दिवस गाठा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर असे दिवस मोप मिळतात. झाडं नसलेल्या बाजूची खिडकी निवडा, सैनिक तिच्यापासून दोन-तीन फुटांवर ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या आणि सावलीच्या बाजूला दहा-पंधरा सेंटीमीटरवर थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. थेट ऊन नको.

रात्रीसाठी एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे दोन एलईडी बल्ब घ्या. खोक्यावर ६५०० के (केल्विन, म्हणजे उजेडाच्या छटेचं माप; हा पांढरा) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त असं पाहून घ्या; सीआरआय कमी असला की लाल रंग आणि कातडीचे रंग मेल्यासारखे दिसतात. बल्बसमोर ट्रेसिंग पेपर लावायचा, पण बल्बला गुंडाळायचा नाही. सहा सेंटीमीटरच्या बल्बला कागद गुंडाळला तर दिवा जवळजवळ तेवढाच राहतो. तोच कागद ए-थ्री मापाचा घेऊन बल्बपासून पंधरा-वीस सेंटीमीटर पुढे धरला, तर मॉडेलच्या दृष्टीने तो अख्खा कागदच दिवा होतो. सावलीच्या कडा मऊ होतात त्या यामुळेच. दिवे डावी-उजवीकडे, थोडे वरून. एक तीस सेंटीमीटरवर, दुसरा पन्नासवर. दोन्ही सारख्या अंतरावर ठेवलेत तर उजेड सपाट होतो आणि तुम्ही कपड्यांच्या चुण्यांत मेहनतीने भरलेली सावली गायब होते. स्वस्त लाइटबॉक्सची खोड नेमकी हीच, म्हणून तो नको म्हटलं. फोटोत आडवे पट्टे दिसले तर बल्ब लुकलुकतोय: फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने करता येतात) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे.

चकाकी दोन प्रकारची. वॉर्निशची असेल तर मॅट (न चमकणाऱ्या) वॉर्निशचा हात द्या. धातूच्या रंगाची असेल तर ती घालवायची नाही, पसरवायची: कागदाचा दिवा आणखी जवळ आणा, म्हणजे टोचणाऱ्या ठिपक्याऐवजी लांब उजळ पट्टा दिसेल. पोलरायझर फिल्टर (लेन्ससमोर लावायची चमक कापणारी काच) वॉर्निशची चमक कमी करतो, धातूची नाही. सावंतवाडीच्या लाखकाम केलेल्या खेळण्यांवर मात्र मॅट वॉर्निश लावू नका. ती चमक त्यांचीच आहे.

आता धूसरपणा. फोन जवळ नेला की पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो कमी होतो, आणि बऱ्याच फोनचा मॅक्रो मोड (अगदी जवळून फोटो काढायची सोय) वाइड लेन्सवर उडी मारतो. मग नाक मोठं आणि पाय काडीसारखे. मॅक्रो बंद करा, फोन २५-३० सेंटीमीटर मागे न्या, २एक्स (दुप्पट झूम) वापरा आणि नंतर कातरून घ्या. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड तर अजिबात नको, तो भाल्याची टोकं खातो. फोन सैनिकाच्या छातीच्या उंचीवर, स्टँडवर किंवा दोन विटांमध्ये अडकवून; टायमर दोन सेकंद; फोकस डोळ्यांवर बोट दाबून पक्का करा. वेगळा कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/११; एफ/१६ च्या पुढे गेलात तर सगळंच मऊ पडतं.

पार्श्वभूमीला फिकट राखाडी-निळी कार्डशीट घ्या, मागे वर वळवून, मोडू न देता. सैनिक तिच्यापासून वीस सेंटीमीटर पुढे, म्हणजे सावली मागे पडणार नाही. पांढऱ्या कागदावर फोटो काळपट येतो, कारण कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ करा. काळ्यावर उलट.

मॅट वॉर्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरी साय धरते आणि पूर्ण रंगकाम फिकं दिसतं. त्या चार महिन्यांत ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वॉर्निश, दोन पातळ हात, मधे नीट वाळू देऊन. लेन्स असेल तर ती कपाटात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करा. नाहीतर गणपतीपर्यंत काचेवर बुरशीची जाळी दिसेल.