गाण्यात मोठा खंड पडल्यावर रियाज पुन्हा कसा सुरू करावा?

तुम्ही लिहिलंय की विशारदपर्यंत शिकलात, मग बाळंतपण आलं, आणि आता दोन वर्षं झाली तरी तंबोऱ्याजवळ बसणं होत नाही. मी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहते, घरी गाणं शिकवते. खंड पडून परतणाऱ्या मुली-बायका माझ्याकडे नेहमी येतात. त्यांचं अडतं ते गळ्यामुळे कमी; बसल्यावर काय गायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून जास्त. राग कोणता, आधी पलटे (सुरांचा सराव) की आलाप, या विचारातच बाळ उठतं.

तेव्हा हे आधीच ठरवा आणि महिनाभर बदलू नका. राग एकच, भूप किंवा यमन. पट्टी, म्हणजे तुमचा सा, अर्ध्या सुराने खाली घ्या. पेटीच्या काळी चारला गात असाल तर पांढरी पाच. न हाताळलेल्या तंबोऱ्याच्या तारा बहुधा बदलाव्या लागतील, जवारी (तारांचा झंकार) बघावी लागेल. त्यासाठी थांबू नका, मोबाइलवरचा तानपुरा लावा.

सुरुवात खर्जाने, म्हणजे खालच्या सुरांनी. सा लावून एकेक सूर खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत, सहज लागेल तिथवरच. मग थेट बंदीश, म्हणजे रागात बांधलेली रचना. आमच्या ग्वाल्हेर गायकीत बंदिशीला फार मान आहे, आणि परतणाऱ्या माणसाला तिचा मोठा आधार होतो: स्थायी-अंतरा (बंदिशीचे दोन भाग) नीट भरून म्हटला की रागाचं चलन, म्हणजे त्याच्या सुरांची चाल, त्यातच येते, तुम्हाला वेगळं काही सुचावं लागत नाही. पहिल्या वर्षी शिकलेला, झोपेतही आठवेल असा छोटा ख्याल, म्हणजे छोटी बंदीश, घ्या, मध्यलयीत तीनतालात. तोच रोज म्हणा. तिलवाडा तालातला संथ बडा ख्याल नंतर, श्वास पुरायला लागला की. ताना सध्या नकोतच. गळा मोकळा नसताना घाईने सपाट (सरळ चढ-उताराची) तान घेतली की जबडा आवळतो, आणि ती सवय सोडवायला मला शिष्यांवर महिनोन्‌महिने मेहनत करावी लागते.

वीस मिनिटं झाली की उठा, अजून गावंसं वाटत असलं तरी. डिसेंबरात इथल्या हजिरा भागात, तानसेनच्या समाधीपाशी, तानसेन समारोह हा संगीत महोत्सव झाला की इथे अनेकांना पुन्हा गायची ऊर्मी येते. तिथे रात्री उशिरापर्यंत ऐकलेलं डोक्यात असतं, मग पहिल्याच दिवशी दोन-दोन तास बसतात आणि दुसऱ्या दिवशी घसा बसतो. ऊर्मी खरी असते हो, पण तिला थोडं थोडंच खर्चायचं.

आणि विशारदच्या वेळचं स्वतःचं रेकॉर्डिंग इतक्यात ऐकू नका. तुलनेनेच पुष्कळजणी पुन्हा थांबलेल्या पाहिल्यात.

गाताना दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. आवाजाचा घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, तोवर नुसतं ऐका.